विश्वास आहे, तरी मरणाची भीती का वाटते?

"मी प्रभूवर विश्वास ठेवतो, पुनरुत्थान मानतो, तरी रात्री छातीत धडधड होते. मग माझा विश्वास खोटा आहे का?" असाध्य आजाराचं निदान झालेला ख्रिस्ती माणूस हा प्रश्न बहुतेक वेळा घरचं कोणी जवळ नसताना विचारतो. घरच्यांचं म्हणणं वेगळं असतं: "यांना वचनातून जरा धीर द्या, विश्वास ढळलाय यांचा." दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. खरा विश्वासी मरणाला भीत नाही, आणि भ्याला तर त्याचं काहीतरी चुकलंय. ही समजूत पवित्र शास्त्रातली नाही, आणि आजाऱ्याच्या खाटेजवळ ती फार नुकसान करते.

खालची हकिगत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका कुटुंबाची आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि काही तपशील बदलले आहेत. या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. चार-पाच पिढ्यांची ख्रिस्ती घरं इथे पुष्कळ आहेत, आणि अशा घरांत आजोबांपासून ऐकलेली वचनं तोंडपाठ असतात. अडचण वचनं ठाऊक नसण्याची नव्हती.

आजारी होते जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, वय ६७, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. मंडळीच्या पंच कमिटीत वर्षानुवर्षं काम केलेले. पाळकसाहेब बाहेरगावी असले की दफनविधीची प्रार्थनाही तेच चालवत. स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पसरल्यावर कळला. पुण्याच्या डॉक्टरांनी केमोचा फार उपयोग होणार नाही, आता त्रास कमी ठेवण्यावर भर देऊ, असं मुलाला स्पष्ट सांगितलं. मुलाने ते आईला सांगितलं, गुरुजींना नाही. गुरुजींना सगळं कळलेलं होतं, पण आपल्याला कळलंय हे त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. अशा घरात सगळे एकमेकांना सांभाळतात आणि सगळे एकटे पडतात.

पहिल्या भेटीत खोलीत सात-आठ माणसं होती. प्रत्येक जण एकेक वचन सांगत होता, गुरुजी मान हलवत होते. अशा वेळी समुपदेशकाने आणखी एक वचन सांगायचं नसतं. घरच्यांना चहासाठी बाहेर पाठवायचं, खुर्ची खाटेच्या उंचीला आणून आजाऱ्याच्या डोळ्यांसमोर बसायचं आणि विचारायचं, "गुरुजी, तुम्हाला तब्येतीबद्दल काय वाटतं?" उत्तराला वेळ लागतो. मध्येच आपण बोललो की ते उत्तर पुन्हा येत नाही. गुरुजी बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी जाणार, हे मला माहीत आहे. पण भीती वाटते, हे कोणाला सांगू? मीच सगळ्यांना सांगत आलो की भिऊ नका."

पुढचा प्रश्न या सगळ्या कामाचा कणा आहे: "भीती नेमकी कशाची?" मरणाची भीती म्हणून जे एक गाठोडं असतं त्यात निरनिराळ्या भीत्या बांधलेल्या असतात, आणि एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही. वेदनेला भिणाऱ्याला स्वर्गाचं वर्णन ऐकवलं तर तो आणखी गप्प होतो. बायकोच्या काळजीने जागणाऱ्याला "जगाचा मोह सोडा" म्हटलं तर त्याला अपराधी वाटतं. म्हणून कागद घ्यावा आणि आजारी जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहावं. गुरुजींच्या कागदावर चार ओळी झाल्या. वडील शेवटी ओरडत गेले, तसं माझं होईल. हिचं कसं होणार, बँकेत कधी गेली नाही. धाकट्याशी नऊ वर्षं बोलणं नाही. आणि चौथी ओळ त्यांनी स्वतः लिहिली: मी कबरीजवळ जे बोलत आलो ते खरं नसलं तर?

पहिली भीती आधी घ्यावी, कारण दुखत असलेल्या माणसाला प्रार्थना करता येत नाही. स्वादुपिंडाचं दुखणं पोटातून पाठीत पट्ट्यासारखं जातं, उताणं झोपलं की वाढतं, पुढे वाकून बसलं की थोडं कमी होतं. गुरुजी म्हणूनच रात्र रात्र उशी पोटाशी धरून बसत. घरातल्यांना ती प्रार्थनेची बैठक वाटत होती. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या, पण त्या कपाटात होत्या. कारणं तीन निघाली. सुनेला वाटत होतं, सवय लागेल. मुलाला वाटत होतं, मॉर्फिन म्हणजे शेवट. आणि गुरुजींना वाटत होतं, प्रभूने वधस्तंभावर बोळ (गंधरस) मिसळलेला द्राक्षारस नाकारला, मग आपण गुंगीचं औषध कसं घ्यावं?

हा तिसरा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये, त्याला शास्त्रातूनच उत्तर द्यावं. मार्क १५:२३ मध्ये प्रभूने ते पेय घेतलं नाही, हे खरं. पण तो जे सोसत होता ते आपल्या सगळ्यांसाठी एकदाच सोसत होता, आजाऱ्याने त्यात स्वतःची भर घालायची नाही. त्याच प्रभूने योहान १९ मध्ये तहान लागल्याचं सांगितलं आणि ओठांशी धरलेली आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, घेतली. नीतिसूत्रे ३१:६ तर मरणाच्या दारी असलेल्याला मद्य द्या असं उघड सांगतं. कॅथलिक घरांत हाच प्रश्न आला तर सांगावं की पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढे बोलताना वेदनाशमनाला स्पष्ट मान्यता दिली. दुसरा इलाज नसेल आणि हेतू वेदना कमी करण्याचाच असेल, तर गुंगी आली किंवा आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरीही.

बाकीची दोन कारणं माहितीने सुटतात. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन सहसा लागत नाही. तोंडाने घ्यायच्या साध्या गोळीचा असर सुमारे चार तास राहतो, म्हणून ती घड्याळ लावून घ्यायची असते, दुखेपर्यंत थांबून नाही. सुरुवात बहुधा ५ किंवा १० मिलिग्रॅमने होते आणि वाढवायची ती डॉक्टरांनी. रात्री झोपमोड टळावी म्हणून निजतानाचा डोस अनेकदा दुप्पट लिहून देतात. पहिले दोन-तीन दिवस झोप आणि मळमळ येते, मग ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून रोज. हे सोडलं की आठवड्याभरात पोट फुगतं, आणि घरचे नेमकं मॉर्फिन बंद करतात. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ही गोळी सहसा मिळत नाही, मान्यता असलेल्या रुग्णालयातूनच आणावी लागते. तेव्हा शेवटची पट्टी उघडण्याआधी पुढची आणून ठेवावी. मावशींनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नींनी, शाळेची जुनी वही घेतली आणि वेळ, डोस, दुखणं दहापैकी किती असे तीन रकाने आखले. चौथ्या दिवशी गुरुजी आडवे झोपले.

दुसरी भीती कागदपत्रांची होती, आणि ती आध्यात्मिक कामापेक्षा हलकी समजू नये. यशया संदेष्टा आजारी हिज्कीया राजाकडे आला तेव्हा पहिली गोष्ट हीच म्हणाला: घराची व्यवस्था लाव, तू मरणार. दुसरे राजे २० हा अध्याय आजाऱ्याच्या घरात वाचायला फार मोलाचा आहे. हिज्कीया भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला. देवाने त्याला अविश्वासी म्हटलं नाही. मी तुझी प्रार्थना ऐकली, तुझे अश्रू पाहिले, असं कळवलं. आणि पुढच्याच काही ओळींत यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलं. निरवानिरव, रडणं, प्रार्थना आणि औषध, चारही एका पानावर आहेत आणि कोणी कोणाच्या आड येत नाही.

गुरुजींकडे पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, होता, पण त्यावर मावशींचं नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे आणि आधारवर वेगळं. ते दुरुस्त करून घेतलं. बँकेचं खातं दोघांच्या नावावर आणि कोणाही एकाला चालवता येईल असं केलं. मावशींनी गुरुजींच्या देखत स्वतः चेक लिहिला. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला कोणता डॉक्टर देईल हे आधी ठरवलं, आणि ग्रामपंचायतीत नोंद २१ दिवसांच्या आत करायची हे मुलाने लिहून ठेवलं. शेवटी दवाखान्यात न्यायचं की घरीच ठेवायचं, व्हेंटिलेटर हवा की नको, हेही गुरुजींना विचारलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा पूर्वसूचनेला, म्हणजे आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आहे आणि २०२३ मध्ये तिची रीत सोपी केली आहे: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. गुरुजींनी घरी राहणं निवडलं. त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा आपल्या दफनाविषयी बायकोशी बोलणं काढलं. कोणती तीन गीतं म्हणायची तेही सांगितलं.

मुलाच्या ओळखीची एक प्रार्थना टोळी मधल्या काळात येऊ लागली. हेतू चांगला, पण सांगणं असं: आजार गेला असं तोंडाने कबूल करा, मरणाचं नाव घेऊ नका, गोळ्या म्हणजे अविश्वास. अशा लोकांना दारातून परत लावलं तर घरात फूट पडते आणि आजारी मध्ये सापडतो. त्याऐवजी अटी घालाव्यात. गुरुजींना आधी विचारायचं, वीस मिनिटांत आटोपायचं, औषधाबद्दल बोलायचं नाही, आणि कोणाच्या विश्वासाच्या कमतरतेमुळे आजार राहिलाय असं म्हणायचं नाही. शेवटची अट मोडली तर पुन्हा बोलावायचं नाही. जन्मांध माणसाचं आंधळेपण कोणाच्या तरी पापामुळे आहे, ही समजूत योहान ९:३ मध्ये प्रभूने खोडून काढली आहे. प्रेषित पौलाने अंगातला काटा, म्हणजे एक न सुटणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, कृपा मिळाली. बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करावी. पण "बरा झालोच" असं आजाऱ्याकडून वदवून घेणं म्हणजे त्याला मरणापूर्वी नाटक करायला लावणं आहे.

तिसरी गोष्ट धाकट्या भावाची. वाद बांधाचा आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा होता. अशा भेटीला तयारी लागते. निरोप कोणी तिसऱ्याने द्यायचा, ज्याचं दोन्हीकडे ऐकतात. जमिनीचा विषय आजाऱ्याच्या खोलीत काढायचा नाही, हे दोघांनाही आधी सांगायचं. आजाऱ्याला जे म्हणायचंय ते छोटं करून ठेवायचं: माझं चुकलं ते माफ कर, तुझं मी मनातून काढलं, तू केलंस त्याचे उपकार, आणि माया आहे. क्षमेचा मोठा प्रसंग होईल अशी अपेक्षा धरू नये. भाऊ आला, उभ्या उभ्याच मोटर जळाल्याचं आणि पावसाचं बोलला. गुरुजींनी "माझं चुकलं रे" एवढंच म्हटलं. भावाने उत्तर दिलं नाही. खाटेच्या पायथ्याशी बसला आणि गुरुजींच्या सुजलेल्या पायांना तेल लावायला लागला. त्यानंतर रोज येत राहिला. बांधाचा निकाल अजून लागलेला नाही.

चौथ्या ओळीवर सर्वांत जास्त वेळ गेला. चाळीस वर्षं विश्वास सांगणाऱ्याला शंका आली की तो ती पाप समजून दाबतो, आणि दाबलेली शंका रात्री वर येते. गुरुजींना आधी एवढंच दाखवलं की तुमचा प्रश्न पौलाने स्वतः विचारलाय. १ करिंथ १५ मध्ये तो लिहितो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. हा प्रश्न पौलाने झाकला नाही. त्याच अध्यायात साक्षीदार मोजले: केफा (म्हणजे पेत्र), मग बारा जण, मग एका वेळी पाचशेहून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक पत्र लिहिताना जिवंत होते, म्हणजे जाऊन विचारता आले असते. थोमा या शिष्याने प्रभू उठल्याबद्दल शंका घेतली तेव्हा इतरांनी त्याला बाहेर काढलं नव्हतं. आठ दिवसांनी प्रभू आला तेव्हा तो त्यांच्यातच बसलेला होता.

याच अध्यायात, २६ व्या ओवीत, मरणाला शेवटचा शत्रू म्हटलं आहे. ख्रिस्ती आशा मरणाला मित्र म्हणत नाही, शत्रूचा पराभव झालाय असं म्हणते. शत्रू समोर आल्यावर अंग थरथरलं तर त्यात लाजण्यासारखं काय? गेथशेमाने बागेत प्रभूचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता आणि त्याने जवळ जागं राहायला माणसं मागितली. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे माहीत असूनही तो कबरीकडे जाताना रडला. त्याचं रडणं अविश्वास नव्हतं, तर तुमचंही नाही.

तरीही गुरुजी म्हणाले, "हे सगळं मला पटतं. पण रात्री तीन वाजता काही पटत नाही. प्रार्थनाच येत नाही." हे वाक्य बहुतेक आजारी बोलतात. थकवा, औषध, यकृताचा बिघाड यांनी मन एकाग्र होत नाही, त्यात विश्वासाचा दोष नसतो. तेव्हा मार्क २ मधला पक्षाघाती आठवावा. चार माणसांनी त्याला बाजेवरून आणलं, छपराला भगदाड पाडलं आणि खाली सोडलं. पाचव्या ओवीत काय लिहिलंय? येशूने त्यांचा विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाला तू विश्वास ठेवतोस का, असं तिथे कोणी विचारलेलं नाही. आजाऱ्याने आता वाहून नेणाऱ्यांवर सोपवायचं. गुरुजींना हे ऐकून रडू आलं, घरच्यांसमोर पहिल्यांदाच.

मग रात्रीची तजवीज केली. उशाशी घंटी ठेवली. ती वाजली की ज्याची पाळी असेल त्याने दिवा लावायचा, पाणी द्यायचं, हात हातात घ्यायचा आणि स्तोत्र २३ वाचायचं. उपदेश नाही, प्रश्न नाहीत. मोठ्या अक्षरांत एका पुठ्ठ्यावर ते लिहून ठेवलं, म्हणजे अर्धवट झोपेत चष्मा शोधावा लागत नाही. या स्तोत्रात एक जागा आहे. पहिल्या तीन ओव्यांत दावीद मेंढपाळाविषयी बोलतो, तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्या ओवीत दरी येते आणि तिथून तो थेट त्याच्याशी बोलायला लागतो: "मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस." मावशी तिथे थांबत, म्हणजे गुरुजींना हवं तर पुढचं म्हणता यावं. ज्या रात्री "भिणार नाही" म्हणणंही खोटं वाटे, त्या रात्री स्तोत्र ८८ वाचलं. ते अंधारातच संपतं. शास्त्रात अशाही प्रार्थनेला जागा आहे, हेच काहींना मोठं सांत्वन असतं.

प्रभुभोजन उशिरापर्यंत लांबवू नये. पाळकांना बोलावलं की आजारी घाबरेल, असं घरच्यांना वाटतं. कॅथलिक घरांत हे जास्त होतं. फादर तेल घेऊन आले म्हणजे शेवट आला, अशी समजूत वसईपासून गोव्यापर्यंत अजून आहे. व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केलं आहे की हा संस्कार केवळ अखेरच्या घटकेचा नाही. आजार गंभीर झाला की आजाऱ्यांचा अभिषेक घेता येतो आणि तब्येत आणखी बिघडली तर पुन्हाही घेता येतो. माणूस शुद्धीवर असताना, पापांगीकार (पापांची कबुली) करता येईल तेव्हा फादरना बोलवावं. गुरुजींना गिळताना ठसका लागत होता, म्हणून पाळकसाहेबांनी भाकरीचा तांदळाच्या दाण्याएवढा कण रसात भिजवून दिला आणि पाठ टेकवून सरळ बसवलं. पुढच्या वेळी तेही जमेना, तेव्हा चमच्याच्या टोकाने ओठ ओले केले. तेवढं पुरतं.

शेवटचा आठवडा घरच्यांना सांगून ठेवावा लागतो, नाहीतर ते नैसर्गिक गोष्टींना घाबरतात. खाणं थांबतं, कारण शरीराला ते नको असतं. भरवायचा आग्रह केला तर अन्न श्वासात जातं. तोंड कोरडं पडतं, तासा-दोन तासांनी ओल्या गॉजने पुसावं, ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावावं. घशात घरघर वाजते, ऐकणाऱ्याला गुदमरल्यासारखं वाटतं, आजाऱ्याला तसा त्रास बहुधा होत नसतो. कुशीवर वळवलं की आवाज कमी होतो. श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो. हात-पाय गार पडून गुडघ्यांवर निळसर ठिपके येतात.

आणि माणूस अस्वस्थ होऊ शकतो. विश्वासी माणूस हसत, गीत म्हणत जातो, ही अपेक्षा फार घरांना दुखावून गेली आहे. गुरुजी जाण्याच्या आदल्या रात्री चादर ओढत होते, उठून पळायला बघत होते, मावशींना नको ते बोलले. जमलेल्यांपैकी एकाने अशुद्ध आत्म्याला धमकावायला सुरुवात केली. मुलाने समुपदेशकाला फोन केला. फोनवर पहिला प्रश्न विचारला, लघवी शेवटची कधी झाली? सकाळपासून नाही. बेंबीखाली हात ठेवायला सांगितलं तर फुगवटा घट्ट लागत होता. गावातल्या सिस्टरने नळी घातली, पाऊण लिटरच्या वर लघवी निघाली, आणि दहा मिनिटांत गुरुजी शांत झोपले. मॉर्फिनमुळेही लघवी अडू शकते. अशा अस्वस्थतेमागे तुंबलेली लघवी, शौचाचा झालेला खडा, ताप, यकृताचा बिघाड, कमी पडलेला डोस, यांपैकी काही आहे का हे आधी बघावं. त्या अवस्थेतले शब्द माणसाच्या आत्म्याची साक्ष नसतात. मावशींना हे तेव्हाच सांगितलं, दफनानंतर नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी गेले. सात वर्षांच्या नातवाला काय सांगायचं हा प्रश्न लगेच आला. "प्रभूमध्ये निद्रिस्त झाले" हे मोठ्यांसाठी ठीक आहे, मुलाला झोपेची भीती बसते. "देवाला आवडले म्हणून नेलं" म्हटलं की देव माणसं पळवणारा होतो. त्याला सांगितलं: आजोबा मेले. त्यांचं शरीर आता श्वास घेत नाही, त्याला दुखत नाही, थंडी वाजत नाही, म्हणून पेटीत ठेवून मातीत ठेवतो. आजोबा प्रभूजवळ आहेत आणि एक दिवस प्रभू त्यांना नवं शरीर देईल. पौल पेरलेल्या दाण्याचा दाखला देतो तो शेतकऱ्याच्या पोराला चटकन कळतो. मुलाने विचारलं, "पाणी घालायचं का?" कोणी त्याला दटावलं नाही.

मावशी रडत होत्या तेव्हा एक नातेवाईक म्हणाले, "आशा नसलेल्यांसारखं रडू नका." हे १ थेस्सल ४:१३ चं अर्धं वाचन आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीला पडलेली काळजी अशी होती की प्रभू येण्याआधी जे मेले त्यांचं काय. पौलाने त्यांना रडू नका म्हटलं नाही, आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका म्हटलं, आणि शेवट केला: "म्हणून ह्या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा." विश्वासासाठी मारल्या गेलेल्या स्तेफनाला पुरताना भक्तिमान लोकांनी मोठा विलाप केला होता. अब्राहाम आपली पत्नी सारा हिच्यासाठी रडला. मावशींना कोणीतरी धरून बसायला हवं होतं, गप्प करायला नाही.

पहिले काही दिवस घर भरलेलं असतं, मग एकदम रिकामं होतं. खरी गरज तेव्हा सुरू होते. महिला मंडळातल्या दोघींनी पहिले तीन महिने दर गुरुवारी संध्याकाळी यायचं ठरवलं, कारण गुरुवार हा गुरुजींच्या घरगुती प्रार्थनेचा वार होता. चर्चमधला पहिला रविवार जड जातो. मावशींना नेहमीच्या बाकावर बसवेना, तेव्हा दाराजवळ जागा धरली, मधेच उठता यावं म्हणून. "काही लागलं तर सांगा" याचा उपयोग नसतो. "मंगळवारी बँकेत मी बरोबर येते" याचा असतो.

दीड महिन्यानंतर मावशींनी मनातलं काढलं. "शेवटची गोळी मी दिली. तिनेच गेले का?" शेवटचा डोस हाताने देणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात हे येतं आणि फार थोडे बोलतात. अशा वेळी नुसतं "नाही हो" म्हणून भागत नाही. वही काढली, मावशींचंच अक्षर. डोस आठ दिवस तोच होता, वाढवलेला नव्हता. श्वास थांबत थांबत चालायला लागला होता तो त्या गोळीच्या आधी पहाटे, तीही नोंद होती. गोळी सहाची, मृत्यू दुपारी दोनचा, म्हणजे त्या गोळीचा असर तोवर बहुतेक उतरलेला. मावशींनी रकाने दोनदा बोटाने तपासले.

पुढच्या महिन्यांत घरच्यांनी काय बघायचं तेही सांगून ठेवलं. रडणं, झोप कमी, गुरुजींचा आवाज आल्यासारखं वाटणं, देवावर राग, हे सगळं शोकात येतं आणि लाटांनी येतं. मधल्या काळात माणूस जेवतो, नातवाशी बोलतो. पण वजन सतत उतरतंय, अंघोळ-जेवण सुटलंय, सहा महिने उलटून गेले तरी शोक पहिल्या आठवड्याइतकाच तीव्र आहे, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं, आणि प्रार्थना चालू ठेवून न्यावं. "मलाही त्यांच्याकडे जायचंय" हे वाक्य ख्रिस्ती घरात स्वर्गाची ओढ म्हणून सोडून दिलं जातं. ते ऐकलं की त्याच वेळी सरळ विचारावं, "स्वतःचं काही करून घ्यायचा विचार येतो का?" विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर हो आलं किंवा टाळलं गेलं, तर माणसाला एकटं सोडू नये, उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या त्याच दिवशी घरातून काढून ज्या रुग्णालयातून आणल्या तिथे परत द्याव्यात आणि डॉक्टरांशी बोलावं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.